कॉस्टिंग सेक्शनच्या कोंबड्या

आमच्या घरचं अंडं भिलाईतलं सगळ्यात महाग अंडं होतं, आणि हे मी स्वतः हिशेबानं सिद्ध केलं होतं.

स्टील प्लांटच्या कॉस्टिंग सेक्शनमधून रिटायर झालो (उभा जन्म लोखंडाची किंमत काढण्यात गेला) आणि भिलाईच्या कडेला, कुरुदच्या आमच्या प्लॉटवर कोंबड्या पाळल्या. तेव्हा तिथं मोकळी शेतं होती. संध्याकाळी मी आणि मंदा, म्हणजे माझी बायको, खुराड्यापाशी खुर्च्या टाकून चहा प्यायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

पण मंदानं आधीच बजावलं होतं, "दुकानापेक्षा अंडं महाग पडलं, तर दिवाळीच्या आधी कोंबड्या विकायच्या."

"महाग कावून पडंन?" म्हणत मी हिशेब काढला. दाणा, औषध, जाळी, खुराड्याचा घसारा, रोजच्या चकरांचं पेट्रोल. अंडं बावीस रुपयांना पडलं. दुकानात सात.

प्लांटमध्ये अशा वेळी एकच इलाज असतो: उत्पादन वाढवा, खर्च वाटला जातो. मी आणखी कोंबड्या आणल्या. त्यांनी खर्च काही वाटून घेतला नाही, दाणा तेवढा घेतला. अंडं तीसवर गेलं.

"अवो, रोज खुराडं मी झाडून राहिली. माही मजुरी पकडली का?"

पकडली. अंडं चाळीस रुपये झालं.

दिवाळी तोंडावर आली. मंदाची अट मी कबूल केली होती, म्हणून जवळच्या अहिवारा गावच्या एका कोंबडीवाल्याला बोलावलं. तो आला तेव्हा मंदाची लाडकी कोंबडी राणी नेमकी तिच्या पायात घोटाळत होती.

"कितने में दोगे?"

मी तोंड उघडायच्या आत मंदा म्हणाली, "रुको भैया." मग बोटांवर मोजायला लागली. दाणा, जाळी, घसारा, पेट्रोल, मजुरी. "एक मुर्गी का चार हजार."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कका, कुकरी बेचथस के भैंसी?" कोंबडी विकतोस की म्हैस, असं छत्तीसगढीत विचारून तो स्कूटर वळवून निघून गेला.

"चार हजार कावून सांगतलं वो?"

"तुमचाच हिशेब हाय. घाट्यात विकू का?" असं म्हणत तिनं राणीला उचललं आणि पदरानं डोळे पुसले. मलाही भरून आलं.

आता कुरुदला चहूकडे घरं झाली, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. अंडी देत नाहीत, पोटभर खातात आणि दिवसभर उन्हात बसून राहतात. मीही तेच करतो. मंदा जोवर माझ्यावरच्या खर्चाचा हिशेब बोटांवर मोजत नाही, तोवर निभतंय.