परतीची नजर

आज आंब्याच्या बाजारात मी पेटी पाहणाऱ्या एका व्यापाऱ्याचे डोळे बघत उभा होतो. पहिल्या रांगेवरून ते डावीकडून उजवीकडे एकेका फळावर थांबत गेले. दुसऱ्या रांगेवरून उलटे येताना कुठेच थांबले नाहीत. पुस्तकातली ओळ संपली की नजर अशीच झरकन मागे येते. एका दिशेला आपण बघतो, उलट दिशेला नुसते परततो.

"काय बघताय शेठ?" पेटीमागून आंबे विकणाऱ्या सुमनताई म्हणाल्या. "तुमच्या नजरेचंही असंच. जाताना बैलगाडी, येताना मोटार."

मी हमाली करून वर आलेला माणूस. मला कोणी फसवू शकत नाही, ही माझी घमेंड. गेल्या वर्षी ताईंकडून घेतलेल्या पेटीत दुसऱ्या रांगेत चार डागी आंबे निघाले. भर बाजारात मी त्यांना चोर म्हणालो. "उघडी पेटी तुम्हीच बघून घेतलीत," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मी वर्षभर राग जपला आणि चार गिऱ्हाइकंही त्यांच्याकडून तोडली. आज कळलं, डागी आंबे तेव्हाही समोरच होते. माझीच नजर त्यांच्यावरून धावत गेली होती.

"ताई, चुकलं माझं," मी पुटपुटलो.

पेट्या उतरवणाऱ्या नवऱ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "त्यांना ऐकू नाही आलं. त्या दिवशीचं अख्ख्या बाजाराला आलं होतं."

मी बाजाराकडे तोंड करून उभा राहिलो. भाव पाडताना कधी न अडलेला माझा आवाज फुटेना.