सेलूच्या खोलीतला टँग

सेलूच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा मी पंचविशीची होते आणि एका घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं एकटी राहायची. प्राणिशास्त्राच्या कपाटात फॉर्मलिनच्या बरण्यांत समुद्री मासे होते, सगळे रंग उडून राखाडी झालेले. एका बरणीवर ‘टँग’ अशी चिठ्ठी होती. मी आमच्या सरांना विचारलं, “सर, हा जिता असताना कसा दिसतो?”

“बाई, तुमी बरण्या पुसा. समुद्र कुठं, सेलू कुठं! इथं असला मासा जगत नसतो.”

मला ते फार लागलं. थोरला भाऊ मुंबईला गोदीत होता, त्याला मी त्याच दिवशी पत्र टाकलं.

दिवाळीला तो समुद्राच्या पाण्याचे सहा कॅन लगेजच्या डब्यातून घेऊन आला. हातात हवा भरलेली पिशवी, तीत दोन टँग. काचवाल्याकडून पेटी करून घेतली होती. चौथ्या दिवशी दोन्ही मासे मेले. सर म्हणाले, “मी काय म्हणलो होतो?”

मी लायब्ररीतलं एक जुनं पुस्तक शोधून काढलं. चूक माझीच होती. पाणी मुरू द्यायचं असतं, मगच मासा सोडायचा. दीड महिना मी रिकाम्या पेटीत नुसता हवेचा पंप चालवला, शिंपल्यांचा थर दिला, अधूनमधून सुकटाचा कण टाकला. काचेवर हिरवं शेवाळ धरलं तेव्हा भावाला लिहिलं, आता आण.

या खेपेला एकच आणला, तळहाताएवढा. पिवळसर पांढऱ्या अंगावर काळे उभे पट्टे. शेपटीजवळ बारीक पातं होतं, पहिल्याच दिवशी त्यानं माझं बोट कापलं. पण जगला. शेवाळ खाऊन संपलं की उकडलेल्या पालकाचं पान चिमट्यात धरायचं, तो ओढून ओढून खायचा. घरमालकीणबाई गल्लीतल्या बायांना बोलावून दाखवायच्या, “बघा तरी, भाजी खातो!”

मग गावात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघाला. मी त्यात चालले, घोषणा दिल्या. घरमालक रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. माझ्या आडनावावरून त्यांना तोवर माझी जात कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाराच्या बाहेरूनच बोलले. “मासे चालायचे न्हाईत आमच्या घरात. वास यायलाय.”

“तीन महिने झाले की. काल परवा न्हवता का वास?”

“ते काय मला माहीत न्हाई. आन् आडाचं पाणी त्याला घ्यायचं न्हाई.”

“तुमच्या आडाच्या पाण्यात टाकला तर मरंल तो,” मी म्हणाले. “त्याचं पाणी रेल्वेनं येतं. आत या, वास घेऊन बघा.”

ते आत आले नाहीत. दुपारी मी कॉलेजातून परतले तर खोलीची वीज गेलेली. पुढच्या घरात पंखा फिरत होता. “वायर जळली,” मालक म्हणाले.

उन्हाळा होता. पंप बंद, मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. मी तशीच सायकलच्या दुकानात गेले आणि ट्रकची जुनी ट्यूब हवा भरून आणली. तिच्या तोंडाला पंपाची नळी बांधली, चिमटा लावून हवा हळूहळू सोडली. पेटीभोवती ओलं पोतं गुंडाळलं. दिवसातून तीन वेळा मी ती ट्यूब खांद्यावर टाकून बाजारातून न्यायची. लोक बघायचे. बघू दे म्हटलं.

चौथ्या दिवशी मालकीणबाई स्वतःच्या स्वयंपाकघरातून वायर ओढत आल्या. “मुक्या जिवानं काय केलंय? घे, लाव.”

मी पंप लावला. पण बोलल्याशिवाय राहवलं नाही. “मावशी, माशासाठी घेते. पण वीज मला पायजे, भाडेकरू म्हणून. दया म्हणून नको.”

मी वीज कार्यालयात लेखी अर्ज दिला, नक्कल मालकांच्या हातात दिली. “यानं काय होतंय?” ते म्हणाले.

“बघू.”

तिसऱ्या दिवशी वायरमन आला. वायर जळलेली नव्हतीच, फ्यूज काढून ठेवला होता. त्यानं तो बसवला आणि मालकांना नीट समज दिली. त्यानंतर मालक माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही खोली सोडली नाही. मालकीणबाई मात्र येत राहिल्या. पुढे एकदा सर मुलांना घेऊन आले. बराच वेळ पेटीसमोर वाकून बघत होते. “खायला काय देता?” त्यांनी विचारलं. पालक म्हटल्यावर वहीत लिहून घेतलं.

दोन वर्षांनी संस्थेनं मला चारठाण्याच्या शाळेत पाठवलं, तेव्हाच ती खोली सोडली. पेटीचं पाणी कॅनमध्ये, मासा दुधाच्या कॅनमध्ये, सगळं जीपमध्ये. वाटेत झाकण काढून बघितलं, तो गोल फिरत होता.

ड्रायव्हरनं डोकावून विचारलं, “ताई, कालवणाचा हाय का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “घरचा हाय. हळू चालव.”