रंग गेलेलं पाणी

कापड रंगवायच्या कारखान्यात त्याला सगळे निवळी म्हणत. निवळीची बी उगाळून घातली की गढूळ पाणी स्वच्छ होतं, तसाच कसल्याही पाण्यातला गाळ याच्या हाताखाली तळाला बसायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथंच राहिलं. एकोणीस वर्षं तो मागच्या शेडमध्ये टाक्या सांभाळत होता. पहिली पंधरा वर्षं चुना आणि तुरटी घालण्यात गेली. त्यानं गाळ बसायचा, पण रंग काही हटायचा नाही. कारखान्यामागचा ओढा कधी शेंदरी तर कधी जांभळा वाहायचा आणि काठावरची माणसं निवळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्यात पहिला आवाज त्याच्या थोरल्या ताईचा असायचा, कारण तिचं घर ओढ्याला लागूनच होतं.

मग केमिस्टबाई आल्या. त्यांनी टाकीत काचेच्या नळ्या बसवल्या आणि त्यांच्या आत जांभळट उजेडाचे दिवे सोडले. पाण्यात टायटॅनियम धातूपासून केलेली पांढरी भुकटी ढवळायची आणि दिवे लावायचे. उजेड पडला की भुकटी जागी होते, रंगाचे तुकडे करते आणि स्वतः मात्र तशीच राहते, असं त्यांनी समजावलं. निवळी म्हणाला, म्हणजे आमच्या मुकादमासारखी, दुसऱ्याला झिजवते आणि आपण तशीच. बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या.

"निवळीभाऊ, एक ध्यानात ठेवा. चित्र काढलेलं मडकं फुटलं की चित्र जातं, पण खापऱ्या पायाखाली राहतात. रंग तीन तासांत जाईल. खापऱ्यांचं पीठ व्हायला आठ तास लागतात. आणि काही खापऱ्या मडक्यापेक्षा वाईट असतात."

त्यानं मान डोलावली. आठ तास म्हणजे आठ तास. पण त्याचा खरा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर. टाकीतलं पाणी बाटलीत घ्यायचं, बाटली तळहातावर धरायची आणि पाण्यातून हाताच्या रेषा मोजायच्या. बारीकातली बारीक रेष दिसली की पाणी पास. पंधरा वर्षं कारखान्यात हेच माप चाललं होतं, मॅनेजरसुद्धा तेच मानायचा.

वर्षभरानं बाई दुसऱ्या गावी नोकरीला गेल्या. पुढं एका हंगामात कामाची अशी झुंबड उडाली की रंगाचं पाणी ठेवायला टाकी उरेना. मॅनेजर शेडमध्ये येऊन डोक्याला हात लावून बसला. निवळीला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं बाटली पुढं केली. साहेब, रेषा तर तीन तासांतच दिसतात, उरलेले पाच तास आपण उगाच दिवे जाळतोय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅनेजरनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्या दिवसापासून तीन तासांची पाळी सुरू झाली.

आठ तासांच्या पाळीत टाकीत न मावलेलं रंगीत पाणी तसंच ओढ्यात जायचं; ते थांबलं आणि आता ओढा आरशासारखा वाहू लागला. नळाचं पाणी यायचं एक दिवसाआड, तेही चढावरच्या चौकात. सुट्टीच्या दिवशी निवळी ताईकडे गेला तेव्हा निम्मी गल्ली काठावर उभी होती, पाणी वापरावं की नाही म्हणून. सगळ्यांच्या देखत त्यानं ओढ्यातून तांब्या भरला आणि घटाघटा प्यायला. ताईचा ऊर भरून आला. ज्या तोंडानं शिव्या दिल्या त्याच तोंडानं ती सांगत सुटली, माझ्या भावानं पाणी निवळलं. त्या दिवसापासून घराघरातले हंडे ओढ्यावर यायला लागले. ताईच्या सुनेला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. चढावर हंडा न्यायचं तिचं कष्टाचं काम सुटलं.

सहा महिने गेले. शेडमागं पाणी बाहेर पडतं तिथं बेडूक ओरडायचे थांबले, तेव्हा निवळीला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. मग डासांच्या अळ्या दिसेनाशा झाल्या. दगडांवरचं शेवाळ पांढरं पडून सोलून निघालं. पाण्यावर धावणारे किडे तर रंगाच्या दिवसांतही असत, तेही नाहीत. एका दुपारी पंपघराच्या सावलीत झोपणारी कुत्री उठली, त्या नितळ पाण्यापाशी गेली, वास घेतला आणि मागं फिरून गळक्या नळाखालचं गढूळ पाणी चाटू लागली. निवळी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बाईंना फोन लावला.

तीन तासांचं ऐकून बाईंनी आधी एवढंच विचारलं. 

"भाऊ, ते पाणी कुणी पीत नाही ना?"

ताईच्या घरासकट सगळी गल्ली पिते, त्यानं सांगितलं.

"पूर्वी लाल पाणी बघून माणसं लांब राहायची," बाई सावकाश म्हणाल्या. "आपण रंग तेवढा काढून घेतला."

तो तडक मॅनेजरकडे गेला. मॅनेजर मान वर न करता म्हणाला, तीन तास हे तुझ्याच तोंडचं, आता टाक्या आणखी पाच तास अडवून ठेवू का? तिथून ताईकडे. तिनं आधी थट्टेवारी नेलं, मग चिडली.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर प्यायलास आणि आज विष म्हणतोस? कारखान्याला हे पाणी परत वापरायला हवंय, म्हणून तुला धाडलंय ना?"

शेजारी मान हलवत होते. आत सून ओढ्याच्याच पाण्यानं भरलेल्या माठातून पेला बुडवत होती. निवळीनं तो हिसकावला, तर ताईनं भावाला दारातून बाहेर काढलं. दार लावताना म्हणाली, पोरीला घाबरवू नकोस, आठवा लागलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तीन तासांची टाकी सोडायला घेतली आणि रंगखोलीतून लाल भुकटीचा मग आणून त्यात उपडा केला. एकोणीस वर्षांत आपल्या हातानं पाण्याला रंग देण्याची ही पहिली वेळ. ओढा काठोकाठ लाल झाला आणि वळण घेऊन घरांकडं निघाला. नोकरी जाणार हे त्याला दिसत होतंच. रोज एक मग, पकडला जाईपर्यंत, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

दुपारी ताई कारखान्याच्या फाटकाशी आली. पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा सुरू. भरलेले हंडे ओतावे लागले, गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही, तुझ्या हाताला कीड पडो. तो गजांना धरून ऐकत राहिला. तिचा दम संपल्यावर त्यानं विचारलं,

"ताई, बाळ फिरतंय ना पोटात?"

 तिनं घराच्या दिशेला बघितलं.

"परवापासून म्हणत होती," ताई म्हणाली, "कमी जाणवतंय."

निवळीनं पहारेकऱ्याला फाटक उघडायला सांगितलं. पाळी सुटायला चार तास होते. पहारेकरी हटकत असतानाच तो ताईचा दंड धरून, सुनेला दवाखान्यात न्यायच्या रिक्षेसाठी रस्त्यावर धावला.