काडेपेटीचा सर्व्हे

ऑफिसात नवा संगणक आला होता. त्याने रंगवलेला नकाशा काखेत मारून मी पवनचक्क्यांसाठी वारा शोधत साक्रीच्या पठारावर पोचलो. नकाशात सगळ्यात लाल, म्हणजे भरपूर वाऱ्याच्या जागी निघाली एका आबांची चहाची टपरी! आबांनी एका काडीत स्टोव्ह पेटवला, विझलेली काडी कानावर खोचली. ज्योत हलतही नव्हती.

मी नकाशा दाखवला. आबा पोट धरून हसले आणि समोरच्या टेकडीकडे बोट दाखवत म्हणाले,

"सायेब, टपरी टाकाना पहिले मी बी सर्वे करेल शे. त्या टेकडीवर आख्खी पेटी सरनी, एक काडी नई टिकनी. आठे वारा नई, म्हनीसन आठे बसनू."

वारा मोजायचा खांब आम्ही त्या टेकडीवर उभारला. अहवालात 'वापरलेली उपकरणे' या रकान्यात मी काडेपेटी लिहिली. साहेबांनी ती खोडली. टेकडी मात्र ठेवली.