नवसाने मिळालेली लाइन

तुळसाच्या पोटात दुखायचं ते धाकट्या जावेमुळे, सोनालीमुळे, आणि ते तिने कधी फारसं लपवलंही नाही. कशेडीच्या अलीकडच्या वाडीवरून रोज वडापच्या जीपने महाडच्या एमआयडीसीत जायचं, औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला बसायचं, यात तिची उमर गेली. सोनालीला तिथे चिकटवलं तेही तिनेच. आणि ही कालची पोर, बारावी शिकलेली, वर्ष सरायच्या आत लाइन लीडर! मोठ्या जावेलाच सांगणार, खोके नीट लावा म्हणून. कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही, सांगा.

शिमग्यात जननीआईची पालखी दारी आली तेव्हा गुरवाने घराच्या सुखाचं गाऱ्हाणं घातलं. तुळसाने मनात आपलं वेगळंच घातलं. हिला त्या जागेवरून उतरव आई, खणानारळाने तुझी ओटी भरीन.

पुढे सोनालीने सुपरवायझर हर्षदची तक्रार केली. तो बायकांच्या अंगाशी येऊन उभा राहायचा, नको ते बोलायचा. सगळ्यांना ठाऊक होतं. तुळसानेही ते सोसलं होतं, पण आळीमिळी गुपचिळी. सोनाली मात्र सरळ कंपनीच्या तक्रार समितीकडे गेली. याचाही तुळसाला रागच आला. आपल्याला जन्मात जमलं नाही ते हिला बरं जमलं!

हर्षदची चौकशी सुरू होते न होते तोच मॅनेजरने सोनालीला गोदामात खोके उचलायला धाडलं आणि लाइन तुळसाच्या हाती दिली. तुळसा हरखली. देवीने ऐकलं होतं. तिने ओटी भरली, वाडीभर पेढे वाटले, आणि जावेच्या दारीही नेऊन दिले. सोनालीने पेढा घेतला आणि ती आत गेली.

मग समितीने तुळसाला बोलावलं. समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून समीक्षा नावाच्या वकीलबाई होत्या. त्यांनी विचारलं, सोनालीला लाइनवरून का काढलं? तुळसाने भाबडेपणाने सांगून टाकलं, की देवीने काढलं, माझा नवस होता. वकीलबाई हसल्या नाहीत. देवीने निरोप कुणाकडून धाडला, एवढंच त्यांनी विचारलं. मॅनेजरसाहेबांकडून. ते काय म्हणाले? तुळसा आठवून सांगू लागली. "म्हणाले, तक्रारी करणारी बाई पुढे ठेवली तर बाकीच्याही शेफारतील. तू गप्प बसणारी हायस, म्हणून तुला देतो."

बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं. देवीचा यात काही हात नव्हता. तिच्या इतक्या वर्षांच्या कामाचाही नव्हता. जावेला शिक्षा झाली होती आणि आपण त्याचे पेढे वाटले होते.

तक्रार केली म्हणून कुणाला असं खाली ढकलता येत नाही, वकीलबाई म्हणाल्या. खरं सांगितलं म्हणून तुमच्याही नोकरीला कुणी हात लावायचा नाही, तसं झालं तर आमच्याकडे या. लाइन मात्र बहुतेक सोनालीकडे परत जाईल. मॅनेजर म्हणतात तिचं काम कच्चं होतं. खरं आहे का ते?

'होय' म्हणायला काय जात होतं? लाइन राहिली असती. अगदी ओठावर आलं होतं. पण गप्प बसते म्हणून मिळालेला मान काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना.

"नाय," ती म्हणाली. "काम चांगलं करायची." वकीलबाईंनी लिहून घेतलं. तुळसाने त्या कागदावर बोट ठेवलं. "माझ्यापेक्षा चांगलं. तेपण लिवा."

वकीलबाईंनी सगळं वाचून दाखवलं आणि तुळसाने खाली सही केली. बाहेर सोनाली उभी होती. दाराशी तिला सगळं ऐकू आलं असावं, कारण तिने डोळ्यांत पाणी आणून मोठ्या जावेचा हात धरला. तुळसाने तो सोडवून घेतला.

"आज माझ्याशी बोलू नको गो," ती म्हणाली. "तुझा लय राग आलाय मला."