भास्करकाकांची न कापलेली अकरा मिनिटं

भास्करकाका गेले, आणि ज्यांनी त्यांना चौदा वर्षं दारात उभं केलं नाही ते सकाळपासून स्टेटसला मेणबत्त्या लावत बसलेत.

'कळंबचा कलाकार हरपला' म्हणे!

जरा लाज वाटू द्या. आज काकांच्या अंत्यविधीच्या वंदनेला तुमच्यातलं कोण आलं होतं? मी होते, म्हणून विचारतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काका लग्नाचं शूटिंग करायचे. एसटी स्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ. शाळा सुटली की गाडीची वाट बघत मी तिथं बसायचे. टीव्हीवर कायम जुने इंग्रजी पिक्चर. ब्लॅक अँड व्हाइट, खुनाबिनाचे. सगळा अंधार, कोपऱ्यात एक दिवा आणि भिंतीवर माणसाहून मोठी त्याची सावली.

एक शॉट त्यांनी मला शंभरदा दाखवला असेल.

हॅटवाला माणूस हॉटेलचा जिना चढतो. कॅमेरा त्याच्या मागं. जिना, बोळ, वळण, कुठंही कट नाही. तो एका खोलीत शिरतो, दार लागतं. कॅमेरा बाहेरच थांबतो. खाली कुणीतरी पियानो वाजवतंय, तेवढं ऐकू येतं. मग दार उघडतं आणि माणूस आल्या वाटेनं खाली उतरतो.

"काय बदललं गं?"

"काय न्हाय."

"नीट बघ की. त्याचं डोस्कं बघ."

हॅट नव्हती.

"शॉट कापून उघडं डोस्कं जवळून दावलं असतं, तर पिक्चरवाल्यानं सांगितलं असतं. आता तुझं तू बघितलंस. लई फरक हाय, पोरी."

माझ्या लग्नाचं शूटिंग अर्थात काकांनीच केलं. चौथ्या दिवशी स्वतः डीव्हीडी घेऊन घरी आले. मी माहेरी आलेले. सगळी भावकी टीव्हीपुढं बसली.

फेटे बांधायचा कार्यक्रम आला. माइकवरून मानकऱ्यांची नावं पुकारतायत, आणि कॅमेरा स्टेजवरून खाली उतरून माझ्या आईच्या मागं निघाला. खुर्च्या, पंगत, पाण्याचा टँकर, वऱ्हाडाला दिलेली शाळेची खोली, आणि परत मांडव. अकरा मिनिटं. नाव प्रत्येकाचं ऐकू येतंय, फेटा एकाचाही दिसत नाही.

"आरं, माझा फेटा कुठाय?" चुलते उठलेच. "पाव्हण्यांत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाय ह्यानं!"

मग आप्पा उठले. माझे वडील.

"बाईच्या मागं कॅमेरा घिऊन फिरायला तुला कुणी सांगितलं व्हतं रं?"

काका तिथंच चहाचा कप घेऊन बसलेले.

सगळे आपापला फेटा शोधत होते. मी आईचा गळा बघत होते.

आप्पांसोबत त्या खोलीत शिरताना आईच्या गळ्यात बोरमाळ होती. दार लागलं. कॅमेरा दाराशीच थांबला. आई बाहेर आली ती पदर गळ्याशी गच्च धरून. मांडवात अक्षता टाकायला तिनं हात वर केला आणि पदर सरकला.

गळ्यात नुसतं मंगळसूत्र.

ऐन वेळी मुलाकडच्यांनी बोरमाळ मागितली होती. नाहीतर नवरदेव बोहल्यावर चढणार नव्हता. ती मोडून केलेल्या पाटल्या मी दर सणाला सासूबाईंच्या हातात बघते.

काकांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मला दिसलंय, हे त्यांना कळलं.

मी मान खाली घातली.

चार दिवसांची नवरी होते, घाबरले होते. असली कारणं माझ्याकडं भरपूर आहेत.

बोरमाळ लग्नाच्या गडबडीत हरवली, असं आईनं सगळ्यांना सांगितलं. मग काय, गावाला आयतंच सापडलं. "तो शूटिंगवाला मागंमागं का फिरत व्हता, ते आता कळलं!"

भास्करकाका चोर झाले. लग्नाच्या ऑर्डरी बंद. राहिले पासपोर्ट फोटो. आज मेणबत्त्या लावणाऱ्यांनो, ऑर्डरी तुम्हीच बंद केल्या होत्या.

आणि पुरावा त्यांच्या कपाटातच होता. मध्ये एक जरी कट असता, तरी कुणी म्हटलं असतं की तेवढ्या वेळात यानं हात मारला. कट नव्हताच. ती डीव्हीडी चौकात एकदा लावली असती, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती.

मी एकदाच विचारलं, "काका, का नाही दाखवत?"

कुणाच्या तरी पोराचे फोटो कापत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला नांदायचंय तिथं."

आप्पा आता नाहीत. बाकी कुणाला राग येत असेल तर खुशाल येऊ दे. नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो चप्पल घालून बाहेर गेला. गेला तर गेला.

आई शेजारी बसलीय. तिला विचारलं, "टाकू का?"

"टाक. माझ्या तोंडानं म्या त्याला चोर केलं. टाक तू."

खाली अख्खी अकरा मिनिटं टाकतेय. गाणं लावलेलं नाही. पुढं ढकलू नका, रील बनवू नका, आणि स्वतःचा फेटा शोधू नका. आईचा गळा बघा.

काका, तुम्ही चोर नव्हता. हे मी चौदा वर्षांपूर्वी मोठ्यानं म्हणायला पाहिजे होतं.

आज म्हणतेय. तुम्हाला ऐकू जात नाही तेव्हा.