कांदळातला गणपती

आई मागच्या दारातून आत आली तेव्हा तिच्या हातात कुंपणावर वाळत घातलेलं कापड होतं, डाग नीट न गेलेलं. चतुर्थीची सकाळ होती. "कोणाचां गो ह्यां?" तिनं हळूच विचारलं, तरी चुलीजवळच्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं. मी हळदीच्या पानावर पातोळीचं पीठ थापत होते. मी पिठानं भरलेलं बोट उचललं आणि सुमनकडे दाखवलं.

कापड माझं होतं.

मी पंधरा वर्षांची. सुमन माझी धाकटी बहीण, तिला बारा पुरी व्हायची होती. मला त्या महिन्याची पाळी आली होती आणि मी ती लपवली होती. सांगितलं असतं तर गोठ्याच्या पडवीत बसून सण लांबून बघावा लागला असता. एवढंच कारण. मोठं काही नाही.

आमच्या घराण्यात मातीची मूर्ती आणत नाहीत, कागदावर रंगवलेला गणपती पूजतात. दरसाल तो रंगवून देणाऱ्या म्हाताऱ्याला त्या वर्षी दिसेनासं झालं, म्हणून बाबांनी कागद सुमनपुढे ठेवला. नार्व्यात आमचं घर नदीकाठी आणि शेत पलीकडे बेटावर. बाबांची पेज घेऊन आम्ही दोघी होडीनं जायचो, तेव्हा ओहोटीनं उघड्या पडलेल्या काळ्या चिखलातून कांदळाची मुळं बोटांसारखी वर आलेली असायची, खारट कुजका वास नाकात बसायचा, नांग्या उगारत कुर्ल्या बिळांत पळायच्या, आणि पाण्यावर वाकलेल्या पानांचा तो हिरवा, मध्येच काळपट, मध्येच पिवळा... मी डास मारत असायची. ती बघत बसायची.

गणपती तिनं त्याच मुळांत बसवला. घरातली हळद, कपड्यांची नीळ, दिव्याची काजळी, आणि खाणीच्या रस्त्यावरची तांबडी माती, एवढ्यावर. उंदराच्या बाजूला एक कुर्लीही काढली.

"कुर्ली कित्याक गो, चितारणी?" काकी हसत म्हणाली होती.

"उंदीर एकलोच कंटाळतलो, काकी."

आदल्या संध्याकाळी कागद भिंतीला लागला, वर माटोळीच्या लाकडी चौकटीला रानातली फळं आणि सुपारीचे घोस टांगले, आणि घरभर ओल्या पानांचा वास भरला. मी त्या चित्राकडे बघत उभी राहिले होते. मलाही ते आवडलं होतं.

माझं बोट उठल्यावर मात्र वेळ लागला नाही. "माजां न्हय," सुमन म्हणाली. थोरले काका बाहेरून ओरडले, "विटाळशीच्या हातचो देव? काढा तो!" हात लागू नये म्हणून त्यांनी काठीनं कागद खाली ओढला आणि नेऊन नदीत सोडला. आधी निळा रंग सुटला. शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं छापील चित्र पूजेला लागलं. सुमन पडवीत गेली. पातोळ्या मी केल्या, नैवेद्य माझ्या हातचा गेला, सगळं घर जेवलं... कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

आता सुमनची चित्रं पणजीत लागतात. भिंतभर बेट असतं, चिखल, मुळं, ओहोटीचं पाणी. मी चौथी शिकलेली, मला चित्रातलं कळत नाही, पण त्यांच्यापुढे उभी राहिले की तो कुजका वास मला येतो. मागे एका मुलीनं तिला विचारलं, "तुम्ही देव का काढत नाही?"

"जमत नाही," सुमन म्हणाली. मी शेजारीच होते. मी जमिनीकडे बघितलं.

गेल्या चतुर्थीला शेवटी मी तिला सांगितलं. ती ब्रश धूत होती. धूतच राहिली.

"माका म्हायत आसा, ताई. कपडो तुज्या निळ्या परकराचो. आयेनंच फाडून दिल्लो."

म्हणजे आईनंही ओळखला असेल. पण आईवर ढकलायचं नाही मला. बोट माझं होतं.

"मग तेव्हा बोललं कित्याक नाय?"

"बोललंय मगो. तीनदा बोललंय."

मला एकदाच आठवतं.

सण होईपर्यंत गोठ्याच्या पडवीत सुमन बसली होती. तिला पाळी यायला अजून वर्ष होतं.